तांबू माझ्या तोंडाकडं बघते

नाय, पण मी म्हणते, डबा उघडला तर माझं काय चुकलं? तुमीच सांगा! समोर चणे ठेवायचे, वर झाकण घट्ट लावायचं आणि मुक्या जिवाला म्हणायचं, खा... आमच्या कोंडाण्यात पाहुण्याच्या कुत्र्यालासुद्धा कुणी असं वागवत नाय!

पण ती पुण्याची अपेक्षा, शेळ्यांची अक्कल मापायला आलेली, कॅमेऱ्यामागनं ओरडली, ‘आजी, परत उघडलात? प्लीज, तुम्ही नुसतं बसायचं!’ नुसतं बसायला मी काय देवळातली मूर्ती हाय? तरी बसले बाई, हात मांडीखाली दाबून. आणि माझी तांबू शेळी... डब्याला ना शिंग लावलं, ना पाय मारला. डब्याकडं बघते, माझ्याकडं बघते, परत डब्याकडं, परत माझ्याकडं! म्हटलं, माझ्या तोंडाकडं काय बघतेस गं? डबा तिकडं हाय! शेजारची बायजा कुंपणावरनं खिदळतेय, ‘मालकिणीवर गेलीय गं!’ लाजच गेली माझी...

तर अपेक्षा टाळ्या वाजवत आली. ‘आजी, तिला कळलं, हे आपल्याला जमत नाही, आजीला जमेल. ती मदत मागतेय!’ मी हसले. शेळी ती शेळी, मागतेय कसली!

पोरगी गेली पुण्याला. आणि तुमाला सांगते, थोड्याच दिवसांत, दिवस मावळताना शेळ्या घरी आल्या, सगळ्या आत गेल्या, ही दारातच उभी. माझ्याकडं बघते, डोंगराकडं बघते... मी काठी उगारली, ‘आत हो, भवाने! तोंडाकडं काय बघतेस गं?’ आणि हात वरच राहिला हो! मागतेय की काय ही? आत वाकून बघते तर तिचं करडू नाय! त्या अंगाला बिबट्या फिरतोय म्हणून अख्खा गाव दारं लावून बसलेला... निघाले तशीच. ती पुढं, मी मागं, जरा थांबले की वळून बघणार. ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन दगडांच्या फटीत पाय अडकून पोर पडलेलं, ओरडून ओरडून आवाज बसलेला! दगड हलवला, पोराला पोटाशी धरलं आणि तांबूच्या पायाच पडले.

अपेक्षाला फोन लावला, म्हटलं, पोरी, तू नसतीस तर मी काठीच घातली असती गं, तुझं सोन्यासारखं होऊ दे! तर ती रडत रडत म्हणते, ‘आजी, व्हिडिओ काढलात का?’ व्हिडिओ! माझ्या पायात चप्पल नव्हती!

देव तिचं भलं करो. पण एक झालंय... मी भाकरी घेऊन बसले की तांबू दारात. भाकरीकडं बघते, माझ्याकडं बघते. आधी बरं होतं, मी म्हणायची, तोंडाकडं काय बघतेस गं, आणि खायची. आता समजतंय ना... मग उठावंच लागतं!