भाऊजींच्या नावाचं प्रायश्चित्त

अमेरिकेहून एक खोकं आलं. त्यात एक जाड कोट, एक टोपी, चष्मा, कारखान्याचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला, पलटणीतून सुटल्याचा कागद आणि माझी पत्रं होती, सुतळीनं बांधलेली. जकात आणि टपालहशील मिळून सात रुपये अकरा आणे पडले. स्टेशनावरून घरी आणायला हमालानं चार आणे घेतले. एवढंच आलं. भाऊजी आले नाहीत.

मंडळी, तुम्ही इतके जण जमलात. अमरावतीहून आलात, अचलपूरहून आलात, कापसाच्या जिनातली पाळी सोडून आलात. सभा बोलावणारे मास्तर म्हणाले, वहिनी, तुम्ही दोन शब्द बोला, पत्रं तुम्हीच तर वाचून दाखवत होतात. मला सभेत बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. आवाज पोचत नसेल तर हात वर करा. मला अजून रडू आलेलं नाही. बायका म्हणतात, रडून घे, मोकळी होशील. पाहू.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पहिल्या लढाईच्या आधी ते बोटीत बसले, तेव्हा मी या घरात नवीन होते. जायच्या आधी माझा मॅट्रिकचा फॉर्म त्यांनीच भरला होता. सासूबाई म्हणाल्या, सुनेले कायले पायजे परीक्षा? भाऊजी म्हणाले, मी तिकडून पत्र लिहीन तेव्हा तुले कोन वाचून दाखवीन? म्हणून मी मॅट्रिक झाले. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं.

ती पत्रं तुम्ही ऐकली आहेत. रविवारी दुपारी, इथे अकोल्यात, जठारपेठेत आमच्या ओसरीवर. भाऊजी आधी लाकडाच्या गिरणीत होते. तिथे गोऱ्या मजुरांचा जमाव आला आणि आपल्याकडच्या सगळ्यांना गावाबाहेर हाकलून दिलं. मग ते पूर्वेकडे गेले, मोटारीच्या कारखान्यात. एका पट्ट्यावरून मोटारी सरकत येतात आणि भाऊजी दिवसभर चाकाचा एकच बोल्ट आवळतात. मी विचारलं होतं, मग अख्खी गाडी कोण बनवतं? त्यांनी लिहिलं, "कोणीच नाही, वहिनी. गाडी आपली येत राहते, आम्ही फक्त तिच्या वाटेत उभे असतो." आठवतं ना? जिनातले लोक त्यावर हसले नव्हते.

तिकडे बायकांना मत मिळालं ते पत्र आठवतं? या समोर बसलेल्या गंगूकाकू. फुलांची टोपली उतरवून म्हणाल्या, "मत द्याले गेल्या त्या, मंग सैपाक कोनं केला?" भाऊजींना ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं, काकूंना सांगा, त्या दिवशी मी केला, आणि पोळी करपली.

मग मंदी आली, कारखान्याची फाटकं बंद झाली. फुकट सूप मिळायचं त्या रांगेत ते उभे राहिले. लिहिलं होतं की पुढचा माणूस बँकेतला कारकून होता, गळ्यात टाय बांधून रांगेत आला होता. फाटकं उघडली. मग मजुरांनी संप केला, तो बाहेर पडून नाही, आतच बसून. मोटारीच्या गाद्यांवर झोपले, बायकांनी खिडकीतून पाव फेकले. तेव्हा आपल्या जिनातल्या एकानं विचारलं होतं, "आतच बसले? मंग मालकानं भायेरून कुलूप काहून नाही लावलं?" ते आज आले आहेत. मान खाली घालू नका, भाऊ. प्रश्न बरोबर होता.

या दुसऱ्या लढाईत मोटारी थांबल्या, रणगाडे निघायला लागले. शेजारच्या यंत्रावर एक काळा माणूस आला, दक्षिणेकडच्या कापसाच्या मुलखातला. भाऊजींनी त्याला सांगितलं, आमचाही मुलूख कापसाचाच. तो म्हणाला, तुमच्याकडेही बोंडाचं टोक नखात शिरतं का? भाऊजींनी त्याला आपलं बोट दाखवलं. इतक्या वर्षांत त्या देशात मला माझ्या गावाबद्दल विचारणारा हा पहिला माणूस, असं लिहिलं होतं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. एक पत्र मी तुम्हाला पूर्ण वाचून दाखवलं नाही. ते आज सांगते. यांनाही सांगितलेलं नाही. हे इथे पहिल्या ओळीत बसले आहेत. यांनाही आत्ताच कळतं आहे.

पहिली लढाई संपली तेव्हाची गोष्ट. भाऊजी अमेरिकेच्या पलटणीत होते, म्हणून त्यांना तिथलं नागरिकत्व मिळालं होतं. त्यांनी लिहिलं, आता हातात कागद आहेत, गाठीला भाडं आहे, येऊन भेटून जातो. आईला विचारा. मी सासूबाईंना विचारलं. त्या तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "इचारते काय त्याच्यात? ये म्हना त्याले. लोकाईचं मी पाहून घेईन."

मी लिहिलं, ये. आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. "परंतु समुद्र ओलांडला असल्याने आधी नाशिकास प्रायश्चित्त घ्यावे व मगच घरात पाऊल टाकावे, अशी आईची आज्ञा आहे."

सासूबाई असं बोलल्या नव्हत्या.

मी का लिहिलं? नणंदेचं लग्न अचलपूरला ठरत होतं, तिकडच्यांनी नाव ठेवलं असतं, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. खरं म्हणजे देवघर माझ्याकडे होतं. सोवळं माझ्याकडे होतं. कोण काय खाऊन आलं, कोणाच्या हातचं पाणी प्यालं, ते मला चालणार नव्हतं. माझी ओळ कोणी ऐकली नसती, म्हणून मी ती आईच्या तोंडी घातली.

भाऊजींचं उत्तर आलं. "आईला सांगा, मी लाकडं कापली, बोल्ट आवळले, लढाईत गेलो. यात प्रायश्चित्त घेण्यासारखं मला काही सापडत नाही. पण तिला दुखवून येणार नाही. तिचा राग निवळेपर्यंत थांबतो. पुढच्या वर्षी पाहू."

मी सासूबाईंना एवढंच वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी येतो म्हणतात. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी? असं कायचं काम पडलं त्याले?"

पुढच्या वर्षी आलेच नाहीत. मग तिथल्या मोठ्या कोर्टानं ठरवलं की हिंदुस्थानातला माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. दिलेले कागद परत घेतले. भाऊजींचेही घेतले. ते इंग्रजांच्या कचेरीत गेले. तिथे सांगितलं, तुम्ही अमेरिकेची शपथ घेतली तेव्हा आमची प्रजा राहिला नाहीत. दोन्हीकडून सुटले. कोणी परवाना देईना. परवान्याशिवाय बोट नाही. नुसतं निघालं तर परत पाऊल ठेवता येणार नाही, आणि इथे तर आईच दारात उभं करणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं होत्या. टपालवाला दिसला की विचारायच्या, "आला का माया पोरगा?" पत्र आलं का, असं कधी विचारलं नाही त्यांनी.

मी खरं लिहू शकले असते. दर महिन्याला लिहीत होते. कापसाचा भाव लिहिला, लग्नं लिहिली, कोणाला मूल झालं ते लिहिलं. सासूबाई गेल्या तेही लिहिलं. ते नाही लिहिलं.

भाऊजी ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या पोलंडकडच्या म्हातारीनं खोक्यासोबत चिठ्ठी पाठवली आहे. छातीत कळ येऊन गेले. दहन करा, असं ते सांगत असत, पण ते कुठे करतात हे तिला कळेना, म्हणून कारखान्याच्या सोबत्यांनी पुरलं. तिनं माफी मागितली आहे.

परवा गुरुजी घरी आले. म्हणाले, अग्नी मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागेल. ते मला मान्य आहे. शास्त्र आहे. मग म्हणाले, पण समुद्र ओलांडून गेलेला माणूस प्रायश्चित्त न घेता वारला, तेव्हा आधी त्यांच्या नावानं प्रायश्चित्ताचा संकल्प सोडावा लागेल. त्याशिवाय मी मंत्र म्हणणार नाही.

हे म्हणाले, सोडून टाकू, एवढ्यासाठी कुठं वाद घालायचा?

मी उठून चहा ठेवला.

पण मंडळी, आज बोलते. मी उपास सोडलेला नाही, सोवळं सोडलेलं नाही. माझा देवावर विश्वास आहे, म्हणूनच बोलते. भाऊजींच्या नावानं प्रायश्चित्त माझ्या घरात होणार नाही. त्यांनी सांगितलं होतं, घेण्यासारखं काही सापडत नाही. मी त्या माणसाला एकदा त्याच्या आईच्या नावानं खोटं सांगितलं. आता देवापुढे त्याच्या नावानं खोटं बोलू का?

प्रायश्चित्त लागत असेल तर ते माझं आहे. संकल्पात माझं नाव, माझं गोत्र घ्या. गोमूत्र मी पिईन. उपास मी करीन. त्यानंतर हे पुतळ्याला अग्नी देतील. देतील ना?

यांनी मान हलवली. तुम्ही पाहिलं.

आता तुम्ही उभे राहाल, दोन मिनिटं शांत राहाल. त्याआधी माझी एक विनंती ऐकून घ्या. अकोल्यातले गुरुजी ऐकायला तयार नाहीत. अमरावतीत किंवा अचलपुरात कोणी गुरुजी असा संकल्प सांगायला तयार असतील, तर त्यांना विचारून येत्या अमावस्येच्या आत मला उलट टपाली कळवा. नाही म्हणाले तर तेही कळवा. पाकिटावर यांचं नाव नको. माझं घाला.