टेबलावर चढलेली सायकल

…आणि वर तो सायकलच्या दुकानातला मलाच सांगतो, "आजोबा, साबणाचं दुकान पलीकडे आहे!" अहो, शाळेत गेलो नसेन, पाटीवरची अक्षरं लागत नसतील, पण दारात पंधरा सायकली टांगलेल्या दिसतात की माणसाला! साबण मला विकत घ्यायचाच नव्हता, साबण मी घरूनच नेला होता, फडक्यात गुंडाळून, चांगला खडखडीत वाळवून… आणि तिथंच तर सगळा घोटाळा झाला, पण ते पुढं सांगतो. मला काही घाई नाही म्हणा.

तुम्हाला सांगतो, दोष तसा कोणाचाच नाही. आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला. जाऊ दे बिचारा, जन्मभर काय पंक्चरंच काढायची? पण तो गेला आणि त्याच आठवड्यात माझ्या सायकलच्या ब्रेकनंही अंग काढून घेतलं! उतारावर मी ब्रेक दाबतोय, आणि ब्रेक आपला, दाबा, दाबा, बरं वाटतंय, असा निवांत… समोरच्या कुंपणात मी इतका अलगद शिरलो, की आतल्या बाईंनी विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

झालं! लेकीच्या कानावर गेलं. आमची लेक एरवी लोण्याचा गोळा, पण बापाचं कोपर खरचटलेलं दिसलं की फौजदार! "बाबा, पंधरा दिवस देते. तोवर सायकल घराबाहेर काढायची नाही. मग रविवारी येऊन मी स्वतः चालवून बघणार. ब्रेक लागला तर ठेवा, नाही लागला तर भंगारात. चालेल?" आता असं दटावून 'चालेल?' म्हणून विचारलं, तर 'चालेल'च म्हणावं लागतं!

पण सायकल गेली तर मी ताईकडे जायचं कसं, सांगा ना! माझी थोरली बहीण पुलापलीकडे राहते, तीन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्याकडे जातो. करत काही नाही हो. ती बोलते, मी ऐकतो. बस तिकडे जात नाही, आणि माझे गुडघे असे, की चालताना रडतात आणि पायडलवर हसतात, डॉक्टरसुद्धा चक्रावलाय. मी नाही गेलो तर ताई जेवत नाही असं नाही, जेवते, पण दार उघडं ठेवून जेवते. तिला फोनवर सांगितलं, पंधरा दिवस कळ काढ. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. ताई एका शब्दात बोलली, म्हणजे बघा!

म्हणून ठरवलं, ब्रेक आपणच करायचा. पन्नास वर्षं शिंपीकाम केलंय, सुईत दोरा ओवणाऱ्याला नट सोडवता येऊ नये? फक्त पाने हवेत, आणि सायकल उचलून धरायला स्टँड. पण पाने कुठल्या मापाचे? टेप लावून बघितली, तर नट एवढासा, टेपच त्याच्यापेक्षा रुंद! सायकल दुकानात न्यावी, तर बाहेर काढायची नाही असा हुकूम. मग काय केलं, आमच्या हिचा अंघोळीचा कोरा साबण घेतला, भिजत घातला, आणि मऊ झाल्यावर एकेका नटावर दाबला. ब्रेकचा नट, चाकाचा नट, सीटखालचा नट… काय सुरेख ठसे उठले! असं नेमकं माप उभ्या आयुष्यात कोणाच्या खांद्याचं घेतलं नव्हतं.

ही बघतच राहिली. "अहो, सायकलला अंघोळ घालताय?"

"माप घेतोय."

"घ्या हो, घ्या! आणि आता त्याच साबणानं अंघोळ करा, म्हणजे तेलपाणी एकदमच होईल."

दोन दिवस साबण उन्हात वाळवला. मला काही घाई नाही म्हणा.

तर दुकानदार! तिशीतला, हसतमुख, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला दम लागावा. "आजोबा, ही अठरा हत्यारांची पेटी न्या, घरात सगळं असलेलं बरं असतं!" पेटी उघडली, तर त्यातली निम्मी हत्यारं म्हणजे सहा कोनांच्या वाकड्या किल्ल्या! म्हटलं, बाबा रे, माझ्या सायकलला सगळे नट आहेत, ही किल्ली शिरेल असं भोक तिच्या अंगावर एक नाही. कापडच घ्यायचं नाही तर अस्तर कशाला घेऊ? तीन पाने सुटे दे. साबण काढला, एकेक पाना ठशावर टेकवून बघितला… बसला! दुसरा, बसला! तिसरा, बसला! दुकानदाराचं तोंड पहिल्यांदा बंद झालं.

मग स्टँड. एक होता उंच, तीन पायांचा, सायकलला कमरेत धरून पार छातीपर्यंत उचलणारा. "उभ्या उभ्या काम करा, आजोबा, पाठ वाकवायला नको!" किंमत ऐकली आणि माझा ब्रेक तिथल्या तिथं लागला. दुसरा होता बुटका, मागचं चाक नुसतं वीतभर उचलणारा, पण स्वस्त. "याच्यापुढं खाली बसावं लागेल हं." म्हटलं, बसू की! बसायला काय पैसे पडतात?

पैसे नाही पडत हो, माणूस पडतो! घरी येऊन स्टँड मांडला, सायकल चढवली, बसलो… आणि बसलो तो बसलोच. गुडघे म्हणाले, आता मुक्काम इथंच. म्हटलं राहा, तोवर ब्रेक खोलतो. पाना लावला, जाईना. दुसऱ्या नटाला दुसरा लावला, जाईना. तिसरा, नाही म्हणजे नाही! साबण घेतला, तोच ठसा त्याच नटावर धरला… तोही जाईना! माझा घेतलेला ठसा, माझाच नट, आणि ओळखच नाही एकमेकांची? मग डोक्यात उजेड पडला. साबण वाळला होता. वाळून आटला होता हो! ज्यानं पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना बजावलं, की कापड आधी भिजवून आणा, आटेल, मग माझ्या नावानं ओरडाल… तो मी! आणि ही दारात, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी.

"हसून झालं की हात दे," म्हटलं. "मला काही घाई नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी खाली मान घालून दुकानात. दुकानदार हसला नाही हो. पाठ फिरवून उभा राहिला, खांदे हलत होते, पण हसला नाही. तिन्ही पाने एकेक नंबर मोठे बदलून दिले, ब्रेकचे नवे रबर दिले आणि म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी फोन करा, मीच घरी येतो."

राहता राहिलं खाली बसणं. मी बैठकीत येऊन उभा राहिलो, माझ्या कापड बेतायच्या टेबलाला टेकून… आणि म्हटलं, अरे, जन्मभर इथंच उभं राहून काम केलं, मग सायकलनंच काय घोडं मारलंय? वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला हाक मारली, दोघांनी मिळून बुटक्या स्टँडसकट सायकल चढवली टेबलावर. टेबल कमरेला, चाक छातीला! महागड्या स्टँडची ऐट, स्वस्ताच्या पैशात. ही म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कधी एवढं उंचावर बसवलं नाहीत."

मग सावकाश लागलो. जुने रबर काढले, कागदासारखे झिजले होते. नवे बसवले. चाक फिरवायचं, ब्रेक दाबायचा, जरा घट्ट, जरा सैल, पुन्हा फिरवायचं. तीन दिवस. मला काही घाई नाही म्हणा.

रविवारी लेक आली. ड्रायव्हरकडून सायकल उतरवून घेतली, बसली आणि निघाली… कुठं? त्याच उताराकडे! मी फाटकाशी उभा. तुम्हाला सांगतो, तेव्हा ताई आठवली नाही, भंगारवाला आठवला नाही, एवढंच मनात आलं, की माझी लेक खाली चाललीय आणि तिच्या आणि त्या कुंपणाच्या मध्ये फक्त मी आवळलेला नट आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, घाई तर नाही झाली आपली?

कुंपणाच्या हातभर अलीकडं सायकल थांबली. जागच्या जागी! पलीकडं त्या बाई आधीच येऊन उभ्या होत्या, त्यांनीही श्वास सोडला. लेक परत आली, "ठेवा," म्हणाली. मग सायकल भिंतीला लावता लावता, "बाबा, माझ्या सायकलचाही ब्रेक ढिला वाटतो हो…"

संपलं! लेकीची झाली, मग ड्रायव्हरची आली, मग कुंपणवाल्या बाईंच्या नातीची तीनचाकी, मग बाई सांगतील त्यांची. नाही म्हणवत नाही हो. माझी सायकल भिंतीला टेकून चकाचक उभी, आणि मी टेबलाशी. आज जाऊ, उद्या जाऊ… चार दिवस ताईकडे गेलोच नाही! ब्रेक ढिला होता तेव्हा, लेकीचा हुकूम होईपर्यंत, एक सकाळ चुकली नव्हती, ब्रेक लागला आणि मीच थांबलो.

पाचव्या दिवशी दारात गाडी. आत ताई, चाकाच्या खुर्चीसकट!

"धाकल्या!" एकाहत्तर वर्षांचा धाकला मी, धावत गेलो. म्हटलं, ताई, चुकलं, उद्यापासून नक्की…

"उद्याचं उद्या. या खुर्चीचं डावं चाक अडकतंय. मला त्या सोफ्यावर बसव आणि हिला टेबलावर चढव."

"अगं, पण आधी ती तीनचाकी…"

"मी तुझ्याआधी जन्मले. नंबर माझा."

आज तिसरा दिवस. ताई सोफ्यावर, खुर्ची टेबलावर. दारात पाच सायकली, लोक डोकावून विचारतात, "आजोबा, अजून किती वेळ?" आता त्यांना काय सांगू! चाक तर पहिल्याच दिवशी झालं हो… ताईचं बोलणं व्हायचंय अजून.