व्हर्ना किव्हेला यांनी वाचलेला पत्ता

समारंभाचे अध्यक्ष व आमच्या वाहतूक सेवेचे संचालक श्री. थेलन, व्यासपीठावरील जिल्हा मंडळाचे मान्यवर सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती व्हर्ना किव्हेला, आणि एवढ्या थंडीत या चर्चच्या सभागृहात आलेले चालक, प्रवासी व स्नेही मंडळी,

मघापासून मी तीनदा उठून कॉफी आणली आणि एकदाही प्यायलो नाही, हे शेजारच्यांनी पाहिलंच असेल. मला धड बसवत नव्हतं. आता उभं राहवत नाही. सांभाळून घ्या.

व्हर्ना यांनी सव्वीस वर्षं रेडिओ सांभाळला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या-आजारी माणसांना दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांनी कुठे वळायचं, ते त्यांच्या आवाजावर ठरायचं. मी शेजारच्या टेबलावर वेळापत्रकं करायचो. कार्यालयाचा डेटाबेसही मीच बनवला. शिक्षण नव्हतं, हौस होती. प्रवाशाचा फॉर्म वेगळा, पत्त्याचा वेगळा, आजाराचा वेगळा, फेरीचा वेगळा. एक उघडला की दुसरा त्याखाली दडायचा.

"ग्लेन, तुझ्या संगणकात खरकट्या ताटांचा ढीग आहे," व्हर्ना म्हणायच्या. "मला हवं ते ताट नेमकं तळाशी."

त्यांना वहीसारखी सोय हवी होती. वर पानांची नावं, बोट ठेवलं की ते पान पुढे. मागणी रास्त होती. बारा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी वर चार टॅबांची ओळ बसवली. यादीतलं पहिलं नाव घेतलं, मिसेस आसेन. पत्त्याचा टॅब दाबला, आसेनबाईंचा पत्ता आला. आजाराचा दाबला, आसेनबाईंचा संधिवात आला. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा बरोबर. दुसरं एखादं नाव घेऊन पाहायला काय झालं होतं मला?

सोमवारी सकाळी ऑर्विल हॉकन्सन यांचा फोन आला. डायलिसिसचा वार बदललाय, आजच गाडी पाठवा. व्हर्ना यांनी त्यांचं नाव काढलं, पत्त्याचा टॅब दाबला आणि समोर आलेला पत्ता रेडिओवरून त्या वाराच्या नव्या चालकाला वाचून दाखवला. तो आसेनबाईंचा होता. टॅब बदलला की माझा प्रोग्राम निवडलेलं नाव सोडून यादीच्या सुरुवातीला जात होता. पत्त्याच्या पानावर प्रवाशाचं नाव टाकायला मी विसरलो होतो, म्हणजे त्यांना संशय येण्याचीही सोय नव्हती.

आसेनबाई हिवाळाभर उबदार ॲरिझोनात असतात. दार कोण उघडणार? चालकाने पुन्हा विचारलं, व्हर्ना यांनी पुन्हा टॅब दाबला, पुन्हा तोच पत्ता वाचला. तिकडे ऑर्विल घरासमोरच्या रस्त्यावर येऊन थांबले होते, कारण त्यांच्या चढावर बर्फात गाडी चढत नसे. पारा उणे पंचवीसवर. पाऊण तास ते तिथे उभे होते. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं डॉक्टरांना काढावी लागली.

दुपारपर्यंत चूक मला सापडली. एका ओळीचा बदल. तो केला, पानावर नाव टाकलं, आणि कुणाला काही बोललो नाही.

आठवड्याने चौकशी झाली. "प्रोग्राम बरोबर चालतो का?" असं मला विचारलं. मी म्हणालो, "चालतो." त्या दिवशी तो चालत होता. चौकशी करणाऱ्यांनी स्वतः टॅब दाबून पाहिले, हॉकन्सन यांचा पत्ता आला, आणि व्हर्ना यांना चुकीचा पत्ता वाचल्याबद्दल ताकीदपत्र मिळालं.

ऑर्विल मनाने उमदे. पुढे दर फोनवर चेष्टा करायचे, "काय बाई, पत्ता पाठ झाला का आमचा?" व्हर्ना हसायच्या. फोन ठेवला की पत्ता पुन्हा वाचायच्या, पडद्यावर बोट ठेवून. मी चार हातांच्या अंतरावर बसून ते बघायचो. ऑर्विल पुढे मूत्रपिंडाच्या आजारानेच गेले. त्यांना मी सांगू शकलो नाही, असं म्हणणं खोटं होईल. मी सांगितलं नाही.

गेल्या गुरुवारी मला या भाषणाचं निमंत्रण आलं. मी तडक व्हर्ना यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीन वेळा चष्मा बदलला मी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणायचे डोळे ठीक आहेत, तर मला वाटायचं डोकं बिघडलंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब. माफी मागायची नाही. आणि खरं काय ते इथे मला एकटीला नको सांगूस. चौकशी चारचौघांत झाली होती. शनिवारी माईक असेल, तिथे सांग."

म्हणून मी उभा आहे, मंडळी. अध्यक्ष महाराज, माझा लेखी जबाब आपल्यासमोर ठेवतो. व्हर्ना यांनी त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते अचूक वाचलं होतं. ते ताकीदपत्र त्यांच्या फायलीतून काढावं, आणि माझ्या फायलीत जे घालायचं ते घालावं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. या भाषणात कुणाचं नाव राहिलं असेल, मान्यवरांच्या मानात काही उणं पडलं असेल, तर त्याबद्दल आपण सर्वांनी उदार मनाने क्षमा करावी. बाकीची क्षमा मी इथे मागत नाही. व्हर्ना यांनी मला ती मागायला मनाई केली आहे.