सतरा सिद्धा आन् एक फाईल

...आन् वर मलाच इचारत्यात, सिद्धाप्पा असा गप्प का! आवो, गप्प बसंल न्हायतर काय करंल? अकरा वर्सं टावेलच्या कारखान्यात बदलीवर! बदली म्हंजे, कायमवाला आला न्हाय की त्याच्या मागावर ह्यो उभा. तर तुमाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर साली मालकानं कंपूटर आणला. म्हणला, यंत्रात ज्याच्या नावाची फाईल, त्यो शनिवारच्या यादीत कायम! पर यंत्र नावाची पहिली पाचच इंग्रजी अक्षरं घेतंय. आता यंत्राला काय सांगणार!

सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हंजे घरटी एक सिद्धा! सिद्धाप्पा, सिद्धाराम, सिद्धलिंग... कारखान्यात सतरा! पाच अक्षरांत सगळे सारखेच, आन् एका नावाला एकच फाईल. नवी आली की जुनी पुसली! टायपिस्ट काशम्मानं सकाळी सिद्धाप्पाला घातला, च्या पिऊन सिद्धारामला घातला... सिद्धाप्पा गायब!

"अक्का, मी हितं उभा हाय की!"

"तू हाईस रे. फाईल न्हाय."

यंत्राला काय सांगणार!

म्हंजे जो शेवटी जाईल त्योच राहील? झालं! शनिवारी काशम्माकडं नाव घालायला सतरा सिद्धा रांगेत, आन् एकबी पुढं सरकंना! "सिद्धाराम, तुमी वडील, तुमी आधी." "छे छे, तुमाला लेकरंबाळं, तुमी व्हा पुढं!" इतकी माया त्या कारखान्यात कदी बघितली न्हाय! रांग मागं मागं सरकत फाटकाभाईर... सिद्धलिंग तर पार होटगीच्या रस्त्याला लागला! आन् सिद्धाप्पा? संडासात, आतनं कडी लावून! चार तास! सोळा जण कटाळून उरकले, मग भोंग्याच्या आधी ह्यो नाक पुसत आला. शेवटचा! काशम्मानं घातला... राहिला! गड्याच्या डोळ्यांत पाणी.

पर काशम्मा भाविक बाई हो. यादी काढायच्या आधी देवाचं नाव नगो? तिनं एक फाईल उघडली. 'सिद्धेश्वर प्रसन्न'!

...पहिली पाच अक्षरं.

यादी भाईर आली. कायम कामगार: सिद्धेश्वर. सिद्धाप्पा मॅनेजरकडं पळाला. त्यो म्हणला, "यादी म्हंजे यादी. देवाचं नाव खोडू व्हय मी?" यंत्राला काय सांगणार, आन् देवाला तरी काय सांगणार!

सोमवारी हजेरी. "सिद्धेश्वर!" कोण ओ देणार? "गैरहजर. बदलीवाला कोण हाय?"

सिद्धाप्पा उठला, गपगुमान मागावर जाऊन उभा राहिला. तवापासनं देवाच्या बदलीवर हाय. आन् देव काय कामावर येत न्हाय... तेवढंच काय ते कायम!