बिनपिठाचे पांढरे केस

माझ्या पांढऱ्या केसांना हसू नका रे, ते एकदा बाविसाव्या वर्षीच पांढरे झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. काळाचौकीत राहायचो, नुकतीच एक जुनी मोटरसायकल घेतली होती. आईने हट्टाने हेल्मेट आणायला लावलं. नाक्यावरची पोरं म्हणायची, "आम्ही मोर्च्यात उघड्या डोक्याने लाठ्या खातो, आणि तू?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून निघताना हेल्मेट नाक्याआधीच्या पिठाच्या चक्कीवर ठेवायचो आणि परतताना घालून आईसमोर उभा राहायचो.

एकदा चक्कीवाल्याने ते उलटं ठेवलं. दिवसभर त्यात पीठ बसलं. मी घाईत तसंच घातलं आणि घरी येऊन दारात काढलं. शेजारीण किंचाळलीच! आईच्या सगळं लक्षात आलं. आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. तिने पदराने माझं तोंड पुसलं, पण केसांना हात लावला नाही.

"तुजा ह्या डोक्या असाच पांढरा झालेला बघूचा आसा माका," ती म्हणाली. "म्हणान टोप घाल सांगतंय."

दुसऱ्या दिवशी मी चक्कीपाशी थांबलोच नाही. नाक्यावर पोरं पोट धरधरून हसली. हसेनात का! आज हे केस बिनपिठाचे आहेत.