एकशे अठ्ठ्याण्णववर अडलेली हवा

अहो, पण आकडा भर चौकात टांगायचा, तर तो कशाचा ते नको का लिहायला? तुम्हाला सांगतो, भोसरीच्या स्टॉपवर उभा होतो, भाचीचं लग्न, तिकडं चाकणला, आणि मी कोण? सख्खा मामा! मामानं हात धरून आणल्याशिवाय पोरगी मांडवात येत नाही आपल्यात, म्हणजे माझ्यावाचून लग्न अडलेलं आणि मी स्टॉपवर अडलेलो! म्हणाल, कोंडीराम, तुमची गाडी? होती की हो! पण सकाळीच मोबाईलवर मेसेज, 'हवा खराब आहे, गाडी घरी ठेवा, बसने जा.' झालं! आमची बायको विजयश्री, 'आधीच किती खोकता!' म्हणत किल्ली पर्समध्ये टाकून, पोरांना घेऊन वऱ्हाडाच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये बसून गेलीसुद्धा...

तर स्टॉपवर हा लाल आकडा. एकशे शहाण्णव. म्हटलं, बसचा नंबर, येईल आता. बस कसली येते? आकडाच बदलला, एकशे सत्त्याण्णव! म्हटलं, गेली का काय माझ्या नाकासमोरून? शेजारी एक आजी होत्या, त्यांना विचारलं, तर त्या म्हणतात, "मला वाटलं टोकन हाय. माजा नंबर कवा लागायचा?" आता बोला! आकडा कशाचा, तेच कळंना!

तेवढ्यात आक्काचा फोन. "आरं कोंडीराम, हायस कुठं? भटजी घड्याळ बघत्यात!" म्हटलं, "आक्का, एकशे सत्त्याण्णव लागलीय, आलोच!"

मग हिरव्या जाकिटातली, बसवाल्यांनी माहिती द्यायला नेमलेली एक मुलगी आली, छातीवर नाव दीक्षा. "काका, हा आकडा हवेचा आहे. जितका जास्त तितकी हवा वाईट. आता हवा आणि बस जोडल्यात ना! दोनशेच्या वर गेला की जादा बस सुटते." म्हणजे हवा बिघडली तर बस? आणि सुधारली तर? "मग नेहमीची बस, काका." नेहमीची म्हणजे तीच, जी येत नव्हती!

आकडा एकशे अठ्ठ्याण्णववर जाऊन जो बसला, तो हलेच ना! एरवी या चौकात श्वास घ्यायची चोरी, आणि नेमकं तेव्हाच वारं सुटलं हो, छान, गारगार... तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा देवाकडं घाण हवा मागितली! सिग्नलला पाण्याच्या जारचा टेम्पो उभा, सयाजी नावाचा ड्रायव्हर. म्हटलं, "भावा, जरा रेस कर की!"

"का?"

"भाचीचं लग्न हाय!"

त्याला काय कळलं देव जाणे, पण लग्न म्हटल्यावर नाही कोण म्हणतं? भर्रर्रर्र! अख्खा स्टॉप काळा! आजी खोकतायत, दीक्षाताई ओरडतायत, "काका, काय करताय हे?", आणि मी नाचतोय... दोनशे! दोनशे एक!

मागून कुणीतरी ओरडलं, "दोनशे एक आली, चढा!" मी बोर्डावरची नजर न काढता म्हटलं, "बस नव्हे हो ती, हवा आहे, जरा शिकून घ्या!" वळून बघतो तर स्टॉप रिकामा, बस निघालेली, आणि खिडकीतून आजी हात हलवतायत, "माजा नंबर लागला!" अहो, आकडा कशाचा, तेच कळंना!

शेवटी सयाजीनंच नेलं, मागं जारांच्या मधे बसवून, वाटभर धूर खात! मांडवात पोचलो, तर मुंडावळ्या बांधलेली आमची वर्षाली रडकुंडीला आलेली. मला बघितलं आणि फिस्सकन हसलीच... तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. भटजी ओरडतायत, "बारा छत्तीस झाले, बारा छत्तीस!" मी दचकलो. म्हटलं, हा आता बसचा का हवेचा?

आक्का पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "काय रं ही दशा? आलास तरी कशानं?"

काय सांगणार? म्हटलं, "हवेनं आलो, आक्का."