आपल्या ओळीतला कंस

— तसं नव्हं सूनबाई, कंप्युटरवरच्या तक्त्याचं गणित हाय ते, चुकंल कसं? तुला घरात येऊन चारच महिने झाले, तुला नाय कळायचं. बारा घरं, खाली एक हौद, अन् नळाला पाणी आठ दिवसांनी — मग कोणाचा व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडायचा, हे कोणी ठरवायचं? सेक्रेटरीनं. म्हणजे मीच. घरातली माणसं अधिक पाहुणे, गुणिले तीन मिनिटं. माणशी तीन! ह्यात भेदभाव कुठंय? — हां, तळमजल्याच्या वच्छलाबाईंना एकच मिनिट येतं. एकटा जीव, लागतं किती? — काय? एकटीला तीन यायला पाहिजेत? अगं, एक अधिक शून्य गुणिले तीन — कंप्युटर गुणाकार आधी करतो, शून्याचं शून्य, मग एक मिळवतो. बेरजेला कंस टाकला तरच बेरीज आधी. मला काय माहीत नाय व्हय! भाच्यानंच दाखवलं, ऋतुराजनं, तुमच्या सत्यनारायणाला. आपण चौघं, पाहुणे दोन, अन् मिनिटं आली दहा! तुझी सासू खरकट्या ताटांपाशी रडत बसली. मग टाकला कंस. अठरा झाली. — आपल्याच ओळीत टाकला, मग? घाई होती. लग्नघर होतं.

पाहुणे? खुलताबादचे काकासाहेब अन् सत्यभामावहिनी — ते दुसऱ्याच दिवशी गेले की. — तक्त्यात अजून हायेत? राहिले असतील. माणूस घरातून गेलं म्हणून लगेच खोडायचं का?

अन् त्या वच्छलाबाई लई बोलतात. तीनदा आल्या, तीनदा सांगितलं — बाई, कंप्युटर म्हणतो तसं. परवा जिन्यात तू त्यांना आपली घागर देत होतीस, बघितलं मी. दे, पुण्य हाय. पण ह्या घरचं पाणी हाय, मोजून दे.

ठेव आता तो लॅपटॉप. रविवारी मीटिंग, सेक्रेटरी निवडायचाय, अन् — हे काय? वच्छलाबाईंपुढं तीन कसं आलं? आपला कंस तू खाली ओढत नेला? सगळ्या ओळींत? अन् आपल्याला बाराच? काकासाहेब कुठं गेले? — बरं. बरं, असू दे. कोणी बघायच्या आत पहिल्यासारखं — ग्रुपवर टाकलं? कवा?

बेल वाजली. वच्छलाबाईच. जा, उघड. सांग, पप्पा शहागंजला गेलेत. — थांब. आधी माझ्या चपला आत घे.